यजमान आहेत ना घरी?

२ जून
आलो एकदाचे नव्या घरी! खोल्या तीनच, पण मागे बाग. खोकी उघडायची सोडून मी आधी रोपवाटिका गाठली. तिथल्या काकूंकडे दूरच्या एका बेटावरचं रोप होतं. म्हणे, जगात आता ही झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. मी हट्टच धरला. काकूंनी एवढंच विचारलं, "यजमान आहेत ना घरी? यजमानाशिवाय हे जगत नाही." म्हटलं, आहेत की, दिवसभर घरीच असतात. हे ऐकून यांना कोण आनंद! नव्या गावात कुणीतरी आपली चौकशी केली म्हणून.

९ जून
रोप लावलं, मोकळ्या जागी, एकटंच. पाणी यांच्याकडे. घरात इकडची काडी तिकडे न करणारा माणूस सकाळ-संध्याकाळ अनवाणी आळ्यात उभा असतो. ओली माती पायांना बरी वाटते म्हणे. माझ्यासाठी कधी इतका वेळ ताटकळले नाहीत. मला चक्क झाडाचा हेवा वाटतो.

२० जून
झाड माझ्या खांद्याला आलं. इतक्यात? यांच्या पट्ट्याला मात्र नवं भोक पाडावं लागलं. दुप्पट जेवतात, अंगाला काही लागत नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त ठीक आहे.

१ जुलै
यांचे पाय धुऊन दिले. टाचेच्या भेगांतून पांढरे दोरे लोंबत होते. एक ओढला, तर हे कळवळले. आणि बाहेर, वारा नसताना, झाड थरथरलं. मी पाहिलं.

३ जुलै
काकूंना फैलावर घ्यायला गेले. त्यांनी विचारलं, शेजारी काय लावलंत? काहीच नाही, म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. हे झाड शेजारच्या झाडाच्या मुळांत मुळं घालून पितं. त्या शेजारच्या झाडाला यजमान म्हणतात. झाडाला! आणि मी नवरा समजून बसले.
दुसरा यजमान मिळाल्याशिवाय ते पहिल्याला सोडत नाही, म्हणाल्या.

५ जुलै
भोवती झुडपं लावली. एकालाही शिवलं नाही. चव लागलीय त्याला —
कुऱ्हाड घातली. एकच घाव. आत हे ओरडले. नडगी उघडी पडलीय यांची —

६ जुलै
हे उठत नाहीत. हाक मारली की पानं हलतात.
माझा फार जीव आहे यांच्यावर. कधी बोलले नाही. आता लिहिते.
यजमान नाही तर यजमानीण. चपला काढल्या. वही घेऊन आळ्यात उभी आहे.
गार. बरं वाटतं. खरंच बरं —

सुटले! खिडकीत उभे आहेत, स्वतःच्या पायांवर. गालांवर रंग आलाय. मला पाहिलं त्यांनी —
नको. येऊ नका. ओरडतेय, आवाज फुटत नाही —
दार उघडलं. धावत येतायत. अनवाणी. अहो, चपला घा