काचेतली झोपलेली परी

अण्णा, आपल्या चिंचवडच्या स्टुडिओच्या काचेत तुम्ही लावलेली फोटोतली परी मला अजून जशीच्या तशी दिसते. पुठ्ठ्याच्या चंद्रावर रेललेली, पाठीला जाळीचे पंख, डोळे मिटलेले. शाळेतून आले की मी आधी तिच्यासमोर उभी राहायची. एका वाढदिवसाला हट्ट करून मीही तेच पंख मागितले. तुम्ही नाखुशीनं दिलेत, चंद्रावर बसवलंत, आणि मी हुबेहूब तिच्यासारखी मान टाकून डोळे मिटले. केवढ्यांदा ओरडलात तुम्ही, "डोळे उघड आधी!" एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस. मी रडले आणि तो फोटो राहूनच गेला.

तुमच्यामागे आता स्टुडिओ मी चालवते. पुनावळ्याहून आयटीतली जोडपी तान्ही बाळं घेऊन येतात. बाळाला झोपवायचं, पंख लावायचे, फोटो काढायचा, याचीच आता चलती आहे. म्हणून जाहिरातीला तुमचीच परी घेतली आणि रहाटणीच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. परवा एक म्हाताऱ्या बाई दारात आल्या. मला वाटलं, नातवंडाचा फोटो असेल. त्या म्हणाल्या, "पोरी, बोर्डावरची ती माझी हाय. गेल्यावर काढलाय फोटो. जित्तेपणी कधी काढलाच न्हाई. पंख तुझ्या वडलांनीच लावले. म्हणले, आईला बघवंल असं तरी दिसू दे."

अण्णा, मेलेलं लेकरू तुम्ही दुकानाच्या काचेत लावलंत? येणारी प्रत्येक आई बोट दाखवून "अस्साच काढा" म्हणायची आणि तुम्ही मान डोलवायचात? मला तुमचा राग आला, खरं सांगायचं तर किळस आली. बाईंना ते कळलं असावं. "मीच म्हणले काचंत लावा," त्या म्हणाल्या. "तिचा बाप घरात ठिवू देईना. कंपनीत जाता-येता मला दिसायची."

मी कसंबसं म्हटलं, "मावशी, फ्लेक्स आजच उतरवते." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नको गं. लई वर्षांनी दिसली. ऱ्हाऊ दे."

फ्लेक्स आहे तिथंच आहे. लोक फोन करून "अशीच परी हवी" म्हणतात आणि मी तारीख देते. तुमच्यासारखं निभावतेय, असं मात्र समजू नका. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: घरी जाताना मी आता तो चौक टाळते, काळेवाडीकडून वळसा घालते.