आपल्या घरावर कुंकू

आई, उजवं मनगट सुजलंय म्हणून हे डाव्या हातानं लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस. आज दिवसभर ऑफिसात वॉर्डांचे नकाशे बघत होते. कुठं दिवे नाहीत, कुठं नळ नाहीत, कुठल्या गल्लीत बायकांना मार बसतो, त्याचे लाल ठिपके. त्यावरून महापालिकेनं कुठं काय करायचं ते आम्ही सुचवतो. लोक विचारतात, मॅडम, हे कुठल्या कॉलेजात शिकलात? काय सांगू त्यांना? जयनगरच्या मागं, आपल्या वस्तीतल्या मारम्माच्या देवळापुढं, मातीत फतकल मारून शिकले.

नव्वदच्या दशकातली ती दुपार मला लख्ख दिसते. महिला संघाची अक्का येते, कन्नड बोलणारी, तोंडाची फटकळ, पण तुम्हा सगळ्यांचा तिच्यावर जीव. म्हणते, वस्ती काढा रांगोळीनं, आपापलं घर आपणच दाखवा. तुम्ही खिदळत चौकोन काढता. नळाला हळद, तुंबलेल्या गटाराला कोळसा. मग ती विचारते, "आता खरं सांगा. या महिन्यात कुठल्या घरात बाईला मार बसला?" जी ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघतेय. तसल्या घरावर ठेवायला लाल रंग कुणी आणलाच नव्हता. तू उठलीस, घरी गेलीस आणि तुझा पितळेचा करंडा घेऊन आलीस. चिमूटभर कुंकू आपल्या चौकोनावर ठेवलंस. "अगंबाई, कुंकू गं ते!" शेजारीण म्हणाली. "त्यांच्याच नावाचं आहे, त्यांच्याच घरावर ठेवलं," तू म्हणालीस. मग करंडा हळदीकुंकवाला फिरतो तसा फिरला. थोड्या वेळानं बघितलं तर सगळं कुंकू एकाच गल्लीत साचलेलं, सारायीच्या, म्हणजे स्वस्त दारूच्या, दुकानापासून निघणाऱ्या. दारूची पाकिटं दातानं फोडत पुरुष त्याच गल्लीतून घरी येत. अक्का म्हणाली, "सरी. परवा महापालिकेच्या साहेबांना इथंच आणते. दुकान हलवायलाच लावू."

हे अण्णांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, कानावर कुणी घातलं, मेलं, मला अजून ठाऊक नाही. शिवणयंत्रावरून तसेच उठून आले, गळ्यात टेप, हातात कापड मोजायचा लोखंडी गज. रांगोळी तुडवत आले. "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?" पहिला फटका तुझ्या पाठीवर, दुसरा कानावर. तू नकाशावरच पडलीस. केसांना धरून त्यांनी तुला फरफटत नेलं आणि नळ, गटार, देऊळ सगळं तुझ्या पातळाला लागून गेलं. मी त्यांच्या मांडीला चावले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्यांनी लाथेनं मला उडवलं. घरात तुझा उजवा हात मशीनच्या फळीवर दाबून धरला. "याच हातानं ठेवलंस ना?" आणि दोन बोटं मागं वाकवली. आवाज झाला, आई. वाळकी काटकी मोडावी तेवढाच. तू ओरडली नाहीस, मी ओरडले. "साहेबापुढं आपलं घर त्यात दिसलं तर मान मोडीन," म्हणाले आणि पाकीट आणायला गेले. ते मरावेत असं मला वाटलं. तेव्हा वाटलं आणि नंतरही कितीदा तरी वाटलं, लिहूनच टाकते.

साहेब यायच्या दिवशी बायकांनी नकाशा पुन्हा काढला. अण्णाही आले, गज घेऊन कडेला उभे राहिले. करंडा फिरला, एकेकीनं कुंकू ठेवलं, आपला चौकोन तेवढा कोरा. अक्का हळूच म्हणाली, "बेडा, नको, सोड. एक घर नसलं म्हणून काय बिघडतं?" तुझ्या हाताला पट्टी, चिमूट धरता येत नव्हती. "आज माझं गाळलं तर उद्या सगळ्या आपापलं गाळतील," म्हणालीस आणि मला पुढं ओढलंस. "तू ठेव गं." मी अण्णांकडं बघितलं. मग ठेवलं, चिमूटभर नाही, मूठभर. अण्णा गज उगारून धावले, पण बायकांनी त्यांना अर्ध्या वाटेतच गाठलं. केरसुण्या, चपला, एकीनं तर रांगोळीचा डबाच टाळक्यात घातला. गज कुठं उडाला कुणास ठाऊक. अण्णांच्या कपाळातून रक्ताची धार लागली आणि साहेब बिचारे "स्टॉप, स्टॉप" करत देवळाच्या पायरीवर चढले. आजही आठवलं की मला हसू येतं, आणि बरं वाटतं.

दुकान हललं. मोठ्या रस्त्यापलीकडं गेलं, गल्लीत दिवेही आले. मार थांबला असं नाही म्हणणार, आपल्या घरात तर नाहीच, पण स्वल्प कमी झाला. पुढच्या नकाशात कुंकू विरळ झालं होतं आणि तू ते त्या वाकड्या बोटांनी सगळ्यांना दाखवत होतीस.

आता मी एचएसआर लेआउटमध्ये राहते, नवव्या मजल्यावर. तुझा जावई दारू पीत नाही, आवाजही चढवत नाही. गेल्या आठवड्यात हवा तो शर्ट इस्त्री केलेला सापडला नाही, म्हणून त्यानं माझं मनगट शांतपणे पिरगळलं. पहिल्यांदा नव्हे. दुसऱ्याच दिवशी दारावर पाहणीची मुलगी आली, उन्हानं घामेजलेली. आमच्याच ऑफिसनं नेमलेली, तिच्या हातातले प्रश्न मीच लिहिलेले, पण तिला काय माहीत मी कोण. पाणी, कचरा, दिवे विचारून झाल्यावर तिनं आवाज खाली आणला. "अक्का, घरात कुणी तुमच्यावर हात उगारतं का?" मी हात ओढणीखाली घेतला. "छे गं," म्हटलं, "इथं तसलं काही नसतं." ती "सरी" म्हणाली आणि शेजारचं दार वाजवलं. तिथंही तेच उत्तर ऐकू आलं. त्या भिंतीपलीकडून रात्री काय ऐकू येतं ते मला माहीत आहे, आणि आमच्याकडचं तिथल्या बाईला.

तू गेल्यावर हे पत्र कुठं पाठवू? तुझ्या करंड्याखाली दुमडून ठेवते. आज ऑफिसात आमच्या भागाचा नकाशा तयार होऊन आला. आमची इमारत कोरी आहे, आई. अख्खी कोरी.