खळं विनेशला, पण फाटक उघडं

विनेश, हे वाचायला चष्मा लागेल. तो तू बर्फाच्या पेटीवर विसरला असशील, आधी घेऊन ये. आईला विसरणार नाहीस एवढी आशा आहे. बाकी सगळं विसरतोस म्हणून तर हे लिहून ठेवावं लागतंय.

मी, नीराबाई हरेश्वर चोगले, वय शहात्तरच्या आसपास, धंदा सुकी मासळी, राहणार भरडखोल, तालुका श्रीवर्धन, माझं डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दाबाखाली न येता माझ्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावते. मला दाबणारा अजून जन्मायचा आहे. मला अक्षर येत नाही. मी सांगते, दिशा वकील लिहितात आणि लिहिलेलं मला वाचून दाखवतात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा विनेश आणि सून शिवानी या दोघांच्या नावे समान हिश्शाने. पुढचा ओटा मात्र शिवानीचाच समजावा. त्यावर जाळी टाकून ठेवायची विनेशची सवय तिने मोडावी; मला जमलं नाही.

२. माझ्या पाटल्या आणि बँकेतली शिल्लक शिवानीला. नथ नात भाविकाला. उन्हात जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वरखाली करायचं लाकडी दाताळंही भाविकालाच, कारण ती ओला जवळा हाताने ओळखते. मुठीत दाबून सोडला की सुटा झाला पाहिजे. गोळा राहिला तर अजून ऊन हवं.

३. माझा वरवंटा शेजारीण नलू हिने एका लग्नाला नेला, त्या जोडप्याला आता नातवंडं झाली. तो परत आणावा. ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, तेव्हा माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

४. आता मुख्य गोष्ट. मासळी वाळवायचं खळं विनेशला देते, पण एका अटीवर. अट कळायला मागचं सांगते.

बोर्ली पंचतनची प्रांजली कासारे आपल्या जवळ्याची चटणी करून दुकानांना देते. जवळा आपला, चटणी तिची, असे हे दोन धंदे एकमेकांना धरून आहेत. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर आभाळ भरलं. जवळा कुजू नये म्हणून विनेशने मीठ लावून वाळवला. काम बरोबर केलं, पण प्रांजलीला सांगितलं नाही. आपल्या खळ्यातलं बाहेर कशाला, म्हणे! तिने नेहमीच्या मापाने चटणीत मीठ घातलं. सगळा माल परत आला.

हा म्हणतो, "तिचा हात चुकला." ती म्हणते, "जवळा खराब." मी विनेशला एस.टी.त घालून बोर्लीला नेलं आणि दोघांच्या तळहातावर तीच चटणी ठेवली.

"खा."

प्रांजली म्हणाली, "आजी, पाणी पिऊ द्या!"

मी म्हटलं, "पाणी नंतर. आधी सांगा, मीठ कुणी घातलं?"

"मी," म्हणत दोघांनीही हात वर केले. मग हसलो, आणि मग पाणी प्यायलो.

तेव्हापासून रीत पडली. हंगामाच्या सुरुवातीला भाविका काही दिवस प्रांजलीच्या चुलीपाशी राहते आणि प्रांजली आमच्या खळ्यात उभी राहते. जवळा उन्हातून काढल्यावर निवू द्यावा, ऊन ऊन भरला तर पिशवीला आतून घाम येतो, हे तिने आम्हाला शिकवलं. ढगाळ दिवसाचा माल कसा ओळखायचा, ते आम्ही तिला दाखवलं. माल परत येणं थांबलं.

आता विनेशला स्वतःची चटणी काढायची आहे. खुशाल काढ. पण परवा म्हणाला, "आये, प्रांजलीला खल्यात घेव नको. सगला शिकली तं उद्या आपल्याला सोडंल."

मी विचारलं, "दर्या बोर्लीला नेनार हाय काय ती?"

त्याला अजून पटलेलं नाही, तोंडावरून कळतं.

म्हणून अट अशी: प्रांजली किंवा तिच्या घरचं माणूस आलं तर खळ्याचं फाटक उघडावं आणि विचारेल ते खरं सांगावं. चटणीत तू तिच्या पुढे गेलास तरीही. फाटक बंद केलंस तर खळं भाविकाचं. माझ्या हाताला जे कळतं तीही माझी मिळकत आहे, आणि ती मी दोन्ही घरांना देऊन चुकले आहे. ती परत मागता येणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. माझ्या मनातलाच आहे, फक्त शिव्या वगळल्या आहेत.

डाव्या हाताचा अंगठा: नीराबाई हरेश्वर चोगले

साक्षीदार: १. नलू गणराज पावशे (सही) २. दयाराम धर्माजी पाटील (सही)
लेखन: अॅड. दिशा मोरे (सही)
ठिकाण: भरडखोल. तारीख: १२ नोव्हेंबर २०२५.

अंगठा उठवल्यावर आठवलं, तेही लिहा बाई. माझे दिवस उरकले की पहिला डबा प्रांजलीकडे जाईल. तांदळाच्या भाकऱ्या आणि विनेशच्या नव्या चटणीची वाटी. विनेशने स्वतः न्यावा, आणि ती झाकण काढायच्या आधी त्याने सांगावं, मीठ घातलंय की नाही.