वरच्या डोहाची वाट

५ ऑक्टोबर, रविवार
मंदा तरंगली! माझी धाकटी जाऊ. गेल्या वर्षी गुडघाभर पाण्यात उभी राहून देवाचा धावा करत होती, ती आज पाठीचा रिकामा तेलाचा कॅन सोडून खालच्या डोहात उताणी पडली होती. मी हात काढून घेतला ते तिला कळलंच नाही. कळल्यावर किंचाळली, पाणी प्यायली, खोकली, आणि म्हणते कशी, "ताई, परत!"
आता आम्ही सहा जणी. शिकवलं कोणी? मी. लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर उद्या लोक म्हणतील आपोआप शिकल्या.
मला लोधिवलीला माहेरच्या विहिरीत भावानं ढकलून दिलं होतं. एवढाच माझा क्लास.

१२ ऑक्टो., रवि.
खालचा डोह संपला आपल्यासाठी. टेंपो भरभरून पिकनिकवाले, काठावर बाटल्यांचा खच. मंदाच्या तळपायात काच गेली, दोन टाके. वर ती टवाळ पोरं मोबाईल धरून उभी. एकाला असं झापलं की मोबाईल खिशात घालून पळाला. पण रोज किती जणांना झापणार?
घरी आल्यावर दीर म्हणाले, "बस झालं पवणं. आता नाय जायचं." मंदा भांडी आपटत होती.
हे म्हणाले, "त्या फार्महाऊसच्या निळ्या टाकीत जा की." म्हटलं, औषधाच्या वासाच्या पाण्यात उतरायला मी काय आजारी आहे?
वरचा डोह पाहिजे. तिथं बाहेरचं माणूस जात नाही. तो मिळाला तर आमचं पोहणं राहील. नाहीतर सहाही जणी घरी.

१५ ऑक्टो., बुध.
अंगणवाडी सुटल्यावर हिरूबाईबरोबर वर गेले. हिरूबाई ठाकरवाडीतली. तिची नातवंडं माझ्याकडेच खिचडी खाऊन मोठी झाली, म्हणून मला नाही म्हणाली नाही.
दीड तास चढ. वाटेत सगळीकडे फाटे. हिरूबाई सांगत काही नाही, नुसती चालते, आणि मी धापा टाकत मागे.
पण डोह! काळा कातळ, वरून पाण्याची बारीक धार, जांभळीची सावली. बांबूनं खोली बघितली. कडेला छातीइतकं, मध्ये बांबू गडप. माथेरानच्या कड्याकडे बघितलं, ढग नव्हता. तिकडे काळं दिसलं की इकडे पाण्यात पाय घालायचा नाही, हे मी पोरींना पहिल्या दिवशीच बजावलंय.
उतरले. आई गं, काय ते पाणी! वय बावन्न, आणि मी एकटीच मोठ्यानं हसत होते.
हिरूबाई काठावरून, "म्हशीवानी डुंबतेस गं बाई!"
तिला पोहता येत नाही. कमाल आहे. अख्खं रान पाठ, आणि पाण्यात पाऊल नाही.

१८ ऑक्टो., शनि.
आज एकटी गेले! दोनदा चुकले, पण गाठलं. येताना जुनी लाल साडी फाडून जिथं जिथं शंका तिथं झाडाला चिंधी बांधत आले. सत्तावीस गाठी. आता आंधळ्यालाही डोह सापडेल. डोकं लागतं याला.
ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तुला रस्त्याच्या खात्यात घ्याया पायजे व्हती." टोमणा होता. मी कौतुक म्हणून घेतला.

२६ ऑक्टो., रवि.
सहाही जणी वर! "वर चिटपाखरू नसतं" असं दिरांना शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे तोंड फिरवून "जा" म्हणाले. चिंधीमागून चिंधी, एकही फाटा चुकला नाही. मंदा या काठावरून त्या काठापर्यंत पोहली. मध्ये थांबली नाही, मला हाक मारली नाही. मी काठावर उभी राहून रडले. माझ्या पोरीचं पहिलं पाऊल बघताना सुद्धा रडले नव्हते.
गावात कोणी काही म्हणो. असा गुरू शोधून दाखवा म्हणावं.

२ नोव्हें., रवि.
आज पुन्हा सहाही जणी वर निघालो.
वाडीच्या वर चाहूबाबा वाटेत उभे. वाडीत त्यांचा शब्द चालतो. मागे हिरूबाई, माझ्याकडे बघेना.
"बाई, समदं रान तुमचंच का आता?"
मला काही कळेना. मग हिरूबाईनंच सांगितलं. झाडाच्या ढोलीत मोहोळ दिसलं की वाडीतला माणूस त्या झाडाला गाठ मारतो, गवताची नाहीतर चिंधीची. गाठ असली की ते मोहोळ त्याचं. दुसरा कोणी हात लावत नाही. आणि माझ्या लाल गाठी सत्तावीस झाडांवर. त्यातल्या पाच झाडांत मोहोळ होतं. मध काढायचे हेच दिवस. वाडीतली माणसं रोज येऊन बघून परत जात होती. कोणाची तरी गाठ आहे, सोडेल तेव्हा सोडेल म्हणून. तोवर दोन मोहोळं उठून गेली. पोळी कोरडी.
"तुजी साडी म्या काल वळखली," हिरूबाई म्हणाली. "पर तू आसं करशील आसं वाटलं नव्हतं."
न पोहता खाली आलो.

४ नोव्हें., मंगळ.
जेवण जात नाही. एकवीस वर्षं त्या वाडीत जाते, प्रत्येक पोराचं वजन मला पाठ, आणि एवढं माहीत नसावं? कधी विचारलंच नाही. सांगतच आले सगळ्यांना.
हे म्हणाले, "सोड गं. जंगल काय त्यांच्या बापाचं हाय?" तडकले मी. म्हटलं, नुसती चिंधी होती, दोन बोटांनी सुटली असती. तरी डोळ्यांदेखत मध गेला आणि एकानं हात लावला नाही. आपल्या गावात बांधावरचा दगड एका रात्रीत सरकतो!


५ नोव्हें., बुध.
गेले. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही, पण गेले. वाडीतली दहा-बारा माणसं बरोबर घेऊन सत्तावीसच्या सत्तावीस गाठी माझ्या हातानं सोडल्या. काही पावसानं घट्ट बसल्या होत्या, दातांनी सोडवल्या. "चुकलं माझं" हे शब्द मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जातील असे.
चाहूबाबा तंबाखू मळत होते. मग म्हणाले, "कोंडून कुनी ठेवलाय का डोह? पर वाट ज्याला ठाव त्यानंच जावं. रविवारी या. खुना नाय, हिरू बोलायची नाय. पोचलात तं डोह तुमचा बी. चुकलात तं खाली पवा, हिकडं फिरकू नका."
बरोबर बोलला म्हातारा. मला लागलं, तरी बरोबर.

९ नोव्हें., रवि.
पहिले दोन फाटे सहज गेले. मी पुढे, बाकीच्या मागे, हिरूबाई सगळ्यात शेवटी. तिसऱ्याला थांबले. तीन वाटा, तिन्ही सारख्या. झाडांकडे बघितलं, दगडांकडे बघितलं. काहीच ओळखीचं नाही. गाठ मारली आणि वाट डोक्यातून सोडून दिली, असं झालं होतं माझं. तेव्हापासून नुसत्या चिंध्याच बघत चालले होते.
सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. ठोकून द्यावं काहीतरी, असं मनात आलं. जन्मभर तेच केलंय.
म्हटलं, "मला नाही माहीत."
हिरूबाई दगडावर टेकली. चेहऱ्यावर काही नाही.
मग मंदा पुढे आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, डोळे मिटून उभी राहिली. म्हणाली, "ताई, डावीकडं. हितं पाण्याचा आवाज उजव्या कानात येत व्हता, आनि पायाखाली बारीक खडी व्हती."
"नक्की?"
"व्हय."
या पोरीच्या तोंडून इतक्या वर्षांत मी 'व्हय' असं ऐकलं नव्हतं. 'ताई म्हणतील तसं' एवढंच. छाती भरून आली माझी, खोटं कशाला लिहू.
हिरूबाईकडे बघितलं. ती हो म्हणाली नाही, नाय म्हणाली नाही. उठली आणि लुगडं झटकलं.
मंदा डावीकडे वळली. मी तिच्या मागे, थेट डोहाच्या काठापर्यंत.