चिंचेला हात लावणारे आणि न लावणारे

डोंगरचिचोली, तहसील सौंसर
सप्टेंबर १९८६

तीर्थस्वरूप भाऊजी भगवंतराव यांना देवीदासचा वाकून नमस्कार. (वाकलो तो अजून पुरता सरळ झालो नाही, अंगात कसकस आहे. कारण पुढे येईलच.) वच्छलाताईची कंबर कशी आहे? संत्र्याला बहार बरा धरला का? आणि मुख्य म्हणजे, गोटमारीच्या दगडफेकीत यंदा तुमचं डोकं शाबूत राहिलं ना? ताईनं दरवर्षी हळद कुटून ठेवावी आणि तुम्ही दरवर्षी नदीवर जाऊन ती संपवावी, याचा नुसता विचार केला तरी मला घाम फुटतो. तुम्हा पांढुर्ण्याच्या लोकांना भीती म्हणून काही ठेवलेलीच नाही. तुमच्या वाट्याची सगळी माझ्याकडेच आली असावी.

मी कसा आहे ते तुम्हाला मालूम आहे. तुमच्या लग्नात फटाके वाजले तेव्हा मी माळ्यावर जाऊन बसलो होतो आणि मला शोधण्यात मंगलाष्टकं खोळंबली होती. अशा माणसावर सरकारनं विज्ञान सोपवलं, भाऊजी! जुने हेडमास्तर रिटायर झाले, विज्ञानाचे गुरुजी तबादला घेऊन गेले, आणि जन्मभर कविता शिकवणारा मी प्रभारी हेडमास्तर होऊन बसलो. त्यात वरून नवा आदेश आला, की विज्ञान पाठ करून घ्यायचं नाही. पोरांनी स्वतः प्रश्न काढायचे, स्वतः प्रयोग करायचे, गुरुजीनं उत्तर सांगायचं नाही, आणि हेडमास्तरनं सगळ्यांच्या पुढे राहायचं. (मी वरातीतसुद्धा बँडच्या मागे असतो.) उत्तर सांगायचं नाही हे मात्र मला फार पसंत पडलं, कारण उत्तर मला येतच नव्हतं. पोरांनी आपला एक पुढारी निवडावा असंही त्यात होतं. त्यांनी सातवीतली पंचफुला निवडली, संत्र्याच्या वाडीत काम करणाऱ्या रामाजीची पोरगी. मी म्हटलं चला, ती पाहील काय ते, आपण खुर्चीवर बसू. तिथंच माझं चुकलं.

शाळेच्या विहिरीजवळ एक जुनी चिंच आहे. तिच्यावर एक बाई राहते म्हणतात. (नाव लिहीत नाही. हे पत्र पोस्टमनला सायंकाळी एकट्यानं रामाकोन्याला न्यायचं असतं.) त्या चिंचेला हात लावला की ताप भरतो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून आमची घंटासुद्धा चिंचेला न टांगता खिडकीच्या गजाला टांगली आहे. तर पंचफुला भर वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ताप येते हे आपल्याले कसं मालूम? कोनी हात लावून पायला काय?” मी खडू खाली ठेवला. नाही म्हणणार होतो, पण उत्तर द्यायचं नाही असा आदेश आणि ‘नाही’ हेही उत्तरच झालं. तिनं तेवढ्यात सगळं ठरवूनही टाकलं. चिठ्ठ्या टाकायच्या. अर्ध्या वर्गानं हात लावायचा, अर्ध्यानं लावायचा नाही, आणि आठवडाभर कोणाला ताप येतो ते पाहायचं. वर मला म्हणते, “सर, तुमीबी वर्गातच बसता ना? मंग तुमची बी चिठ्ठी!”

माझ्या चिठ्ठीत काय निघालं ते सांगायला पाहिजे का? मी आधी छत्रीचं टोक लावलं. पंचफुला म्हणाली, छत्री म्हणजे हात नाही. मग मारुतीचं नाव घेत, डोळे मिटून, करंगळी टेकवली. नेमकी त्याच वेळी वरून एक वाळकी फांदी टाळक्यावर पडली. पुढचं मला आठवत नाही. पोरं सांगतात की सर बैलगाडीच्या पुढे पळाले आणि पोस्टाजवळ थांबले. घरी पोचेपर्यंत ताप. आमच्या शोभानं तीनदा मीठ-मिरच्या ओवाळल्या. पंचफुला शाळेच्या पेटीतला थर्मामीटर घेऊन आली, पण माझं अंग असं थरथरलं की तो काखेतून निसटून फरशीवर फुटला. तरी तिनं फुटण्याआधी आकडा वाचून घेतला होता. शंभराच्या वर, म्हणाली, आणि पोरगी चक्क खूश दिसली.

आता खरी आफत ऐका. हात लावणाऱ्यांपैकी ताप आला तो एकट्या मला. न लावणाऱ्यांपैकी निम्मे अंथरुणात! पंचफुला म्हणाली की गावात तापाची साथ आहे, येवढ्यानं काही ठरत नाही, पुन्हा करा लागन. पण पोरांनी घरी जाऊन अर्धंच सांगितलं. गावानं त्यातून काय काढलं? चिंचेला हात लावला की ताप येत नाही! दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंबाबाई नारळ घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी लोधीखेड्याहून बैलगाड्या. आता चिंचेला शेंदूर आहे, झेंडा आहे, श्रावण किराणेवाल्याचं नारळाचं दुकान आहे, आणि भजनापुढे आमची घंटा कोणाला ऐकू येत नाही. आणि येत्या गुरुवारी छिंदवाड्याहून शिक्षण विभागाचे साहेब येऊन राहिले, आमच्या शाळेनं गावाला वैज्ञानिक दृष्टी कशी दिली ते पाहायला!

साहेबांना वाटेल हे देऊळ मीच काढलं. नोकरीचं काय होईल ते होवो, ते प्रयोगच बंद करतील. खरं सांगू का, भाऊजी, पंचफुला गेले काही दिवस गप्प आहे. काल एवढंच म्हणाली, “सर, म्या इचारलं म्हनून झालं ना हे?” आणि पाटी घेऊन खाली बघत बसली. तिनं पुन्हा कधी काही विचारलंच नाही तर? मला त्या चिंचेवरच्या बाईपेक्षा या पोरीच्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटून राहिली. हे पाहायला मी इथं राहू शकत नाही. तुमचे अरविंदबाबू शिक्षण विभागात आहेत, त्यांच्याकडून माझा तबादला करवा. कुठेही चालेल. जिथं झाड नसेल तिथं.

ताईला सांभाळा, डोक्याला पागोटं बांधा.

तुमचा मेहुणा,
देवीदास

ता. क. पत्र टाकायला निघालो आणि वाटेत चिंचेखाली गर्दी दिसली. काय संचारलं कोण जाणे, मी पारावर चढलो आणि ओरडलो, की अरे, मी हात लावला होता आणि मला ताप आला! माझ्याकडे पाहा! एका हातानं झेंड्याची काठी धरून ठेवली होती, भाऊजी, आवाज चिरकत होता. तर अंबाबाई म्हणाल्या, सरांनी डावा हात लावला असन. गर्दीतून पंचफुला एकदम म्हणाली, “मंग पाहू ना! अर्धे डाव्या हातानं, अर्धे उजव्या!” पोरगी बोलली, भाऊजी! अर्धं गाव चिठ्ठ्या काढायला तयार आहे. गुरुवारी साहेब येतील तेव्हा हेच चालू असेल. भीती तेवढीच आहे, पण अरविंदबाबूंना काही बोलू नका.

ता. क. दुसरा. पंचफुलानं ठरवलंय, या वेळी मला रोज दोन्ही हात लावायचे आहेत. तरी पांढुर्ण्याहून एक थर्मामीटर पाठवा. त्याच डब्यात, खाली कापसात गुंडाळून, भिवाजीबुवांकडचा एक ताईत. पंचफुलाला दिसता कामा नये.

ता. क. तिसरा. ती मागेच उभी होती. तिनं वाचलं. रागावली नाही. म्हणते, “सर, ताईत दोन मागवा. एक भरलेला, एक रिकामा. कोनता रिकामा ते तुमच्या भाऊजींनी सांगायचं नाही, मंग पाहू ताप कवा येते ते.” मी तिच्यासमोर कबूल केलं, आणि तिच्यासमोरच हे लिहिलं. आता ती घंटा वाजवायला गेली आहे. भाऊजी, तुमच्या पाया पडतो, दोन्ही भरूनच पाठवा.