शिंपीमास्तरांची दीड हात जागा

मी, मोजणी खात्यातून निवृत्त झालेली बाई, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासले आहे. मान मात्र खाली आहे. त्याचे कारण पुढे येईल.

१. राहते घर माझ्या पश्चात मुलगी आणि मुलगा यांना समसमान. बँकेतली शिल्लक मुलीला. आजारपणात माझे सगळे तिनेच केले.

२. नणंदेने नेलेली घडीची खुर्ची तिच्याकडेच राहू द्यावी. मागून मागून माझे तोंड दुखले.

३. ओळंबा, पोलादी टेप आणि मोजणीची दुर्बीण मुलाला, पण अटीवर. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी देशभरच्या मोजणीची नव्याने जुळणी झाली. खुणेचे दगड जागचे हलले नाहीत, नकाशावर त्यांची जागा सांगणारे आकडे तेवढे बदलले. आमच्या विभागातल्या एकेका दगडाची नोंद मी नवी केली आणि जो येईल त्याला बजावले, की जुने आकडे नव्यांत मिसळायचे नाहीत. घरात ते ऐकून मुलाचे कान किटले होते.

पुढे तोही मोजणीदार झाला. गेल्या वर्षी त्याने आमच्या घराची हद्द मोजली. दगडांचे आकडे नवे घेतले, कोपऱ्यांचे जुन्या नकाशातून उचलले, आणि शेजारच्या शिंपीमास्तरांची भिंत आमच्या जागेत दीड हात आली आहे, असे सांगून मोकळा झाला. मी तिथेच उभी होते. लेकाचा रुबाब बघत राहिले, कागद बघितला नाही. मास्तर म्हणाले, "ताई, तुमच्या घरातलं माप आहे, त्यात काय बघायचं?" आणि हूं की चूं न करता स्वतःच भिंत पाडून आत घेतली. आता त्या खोलीत शिलाई मशीन मावत नाही. ते बाहेर उन्हात बसून शिवतात. मोकळ्या झालेल्या पट्टीत आमची स्कूटर उभी असते.

चूक माझ्या ध्यानात आली, तेव्हा मुलगा म्हणाला, "त्यांची तक्रार नाही ना? मग कशाला उकरून काढतेस?" शेवटी मीच सांगायला गेले. मास्तरांनी स्वतःचे स्टूल मला बसायला दिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अजून त्यांच्या दारावरून जाताना पदर सावरायचे निमित्त करून मी खाली बघते.

अट अशी: मुलाने मास्तरांसमोर पुन्हा मोजणी करावी, चुकलो असे तोंडाने म्हणावे, भिंत होती तिथे बांधून द्यावी. मगच या हत्यारांना हात लावावा.

४. ती पट्टी या मृत्युपत्रात कोणालाही दिलेली नाही. ती माझी नव्हतीच.

५. हे कलम खोडले आहे. इथे मी आमची मागची खोली मास्तरांच्या मशीनसाठी लिहून दिली होती. हे कळताच मास्तर आले. माझा दुसरा साक्षीदार ठरायचा होता. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे मी बोलता बोलता सांगितले. ते म्हणाले, "मग खोली खोडा, ताई. सहीला मी येतो." आधी वाचून तरी बघा, असे मी विनवले. चष्मा न लावताच त्यांनी पेन उघडले.

"तुमचं लिहिलेलं आहे. त्यात काय बघायचं?"

खाडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे. या कागदाची अंमलबजावणी मुलीने करावी.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार दुसरे: शिंपीमास्तर, शेजारी (सही). यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.