दुबई दोन-चार-सहा-एक बंद करू नये

बिस्मिल्ला.

मी, मोहिद्दीन अलीमियाँ सरखोत, मूळ राहणार साखरतर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम देरा, दुबई, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना आणि कोणीही मानेवर बसलेले नसताना लिहीत आहे. डॉक्टर म्हणतो छातीत पाणी झाले आहे. डोक्यात झालेले नाही. कोणाला शंका असेल त्याने देऱ्यातल्या कोणत्याही दुकानाचा फोन नंबर मला विचारून पाहावा.

काझीसाहेब हे अरबीत करून घ्या म्हणत होते. जरूर करावे. पण आधी मी ज्या भाषेत रागावतो त्या भाषेत लिहितो, तर्जुमा मागाहून होईल.

कलम पहिले. मला एक मुलगी आहे. तिचे नाव सायरा. ती जन्मली तेव्हा तिच्या कानात अजान मी स्वतः दिली आहे. हे वाक्य मी सर्वांच्या आधी लिहितो, कारण या कुटुंबात ते कोणी तोंडाने म्हणत नाही.

कलम दुसरे. शरियतप्रमाणे माझ्या मिळकतीतला हिस्सा सायराचा आणि उरलेला माझा धाकटा भाऊ अहमद याचा. अहमद माझ्याच खोलीत राहतो आणि बंदरावरच्या गोदामात माल मोजतो. त्याचा हिस्सा मला कापता येत नाही. आला असता तर कापला असता, हे त्याला मी तोंडावर सांगितले आहे. साखरतरच्या घरातली माझी खोली, विहिरीकडची पडवी आणि तिच्यावरून शेजाऱ्यांशी चाललेले भांडण, तिन्ही अहमदने सांभाळावीत.

कलम तिसरे. कोणाला वाटेल, ही मुलगी आली कुठून? तर ऐका. मी बोटीवर खलाशी होतो. लढाईत आमची बोट बुडाली, माझा पाय गेल्यासारखा झाला आणि मला विलायतेत उतरवून घेतले. यॉर्कशायरच्या डोंगरात कॉल्डरिज नावाचे बाजाराचे गाव आहे. तिथले तरुण सगळे लढाईवर, त्यामुळे टेलिफोन एक्स्चेंजला माणूस मिळेना. मला इंग्रजी बरे येत होते. फोनवर लोकांना चेहरा दिसत नाही, म्हणून मला नोकरी मिळाली. हे मी उगाच नाही म्हणत, साहेबाने तसेच सांगितले होते.

त्या काळी त्या खोऱ्यात कोड नावाची वस्तूच नव्हती. माणूस फोन उचलून मला म्हणे, "ब्रॅकनशॉ सदतीस द्या." मी समोरच्या बोर्डावर ब्रॅकनशॉ गावाच्या भोकात तारेची खुंटी घालायचो आणि पलीकडून एक बाई बोलायची. त्या गावचे एक्स्चेंज तिच्या आईच्या पुढल्या खोलीत होते. नंबर मिळेपर्यंत ती प्रत्येकाला सांगायची, "ट्राइंग टू कनेक्ट यू, लव्ह." जोडून देते हं, राजा. मला वाटले, हे खास मला. मग कळले सगळ्यांनाच म्हणते. तरी मी गेलोच भेटायला. तिचे नाव मेरी. निकाहानंतर मरियमबी. नावात फारसा फरक करावा लागला नाही.

लढाईनंतर सुधारणा आली. मरियमचा बोर्ड लोक उचलून घेऊन गेले आणि गावाबाहेर आपोआप फोन जोडणारे एक लोखंडी कपाट बसवले. आता कॉल्डरिजहून ब्रॅकनशॉ लावायचे तर आधी आठ फिरवा. म्हणजे माझ्या बायकोच्या जागी आठ आला. पण गंमत अशी, की पलीकडच्या थॉर्नबी गावाहून त्याच ब्रॅकनशॉला पासष्ट फिरवावे लागे. घर तेच, आणि तुम्ही उभे कुठे त्यावर त्याचा कोड वेगळा. लोकांना हे कळेचना. प्रत्येक जण आपल्या दारातून जो फिरवतो तोच कोड सगळ्यांना सांगे. मरियमच्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेवर आठच छापला. थॉर्नबीचे पाहुणे आठ फिरवत आणि त्यांचा फोन कोळशाच्या वखारीत लागे. वखारवाला बिचारा लग्नाची तारीख सांगून सांगून दमला, शेवटी तोही जेवायला आला.

मग लांबच्या गावांनाही ऑपरेटरशिवाय फोन लागू लागले. त्यासाठी शून्य आणि पुढे गावाच्या नावातली दोन अक्षरे, सी आणि ओ; डायलवर आकड्यांशेजारी अक्षरेही असत. त्यात निदान नावाचा वास तरी होता. आता तीही अक्षरे काढली म्हणतात, नुसते आकडे. आधी माणूस गेला, मग नाव गेले, आता आकडा तेवढा उरला. प्रत्येक बदलाच्या वेळी मी पाहिले आहे, खोऱ्यात कोणी ना कोणी कोणाला तरी कायमचे हरवून बसे. जुना नंबर फिरवायचा, पलीकडे मुकी तार, आणि लोक समजायचे, मेले असतील, किंवा आता बोलायचे नसेल.

कलम चौथे. मरियम वारली. इथे नवीन एक्स्चेंज उभे राहत होते, साहेबाने विचारले, मी आलो. सायरा तेव्हा सतरा वर्षांची, मावशीपाशी राहिली. तिला माझा नंबर पाठ करून घेतला, दुबई दोन-चार-सहा-एक. ती म्हणाली, "डॅड, इट्स ओन्ली फोर नंबर्स, आय वोन्ट फर्गेट." ईदला ती पत्र पाठवायची, मी ट्रंक कॉल बुक करायचो. रेडिओवरून आवाज यायचा, समुद्र मध्ये खळखळायचा, तरी चालायचे.

गेल्या वर्षी मावशी वारली. मी लिहिलेले पत्र परत आले, त्यावर शिक्का, घर सोडून गेले. घर विकले गेले असणार, म्हणजे सायरा नव्या पत्त्यावर. तो कळवायला तिने फोन केला असणार. केला. मी ड्यूटीवर होतो. उचलला अहमदने.

रात्री जेवताना तो हसत सांगतो, "भाई, आज कोणी मड्डम फोनवर. म्हणते, मी त्यांची मुलगी. मी सांगितले, ही हॅज नो डॉटर. राँग नंबर. खलास!"

मी विचारले, "तुला माहीत होते ना रे?" तर म्हणतो, "गावात लोक काय म्हणतील, भाई? ती आपल्यातली आहे का?" अरे, मग कोणातली? तोंडावळा तर आमच्या आईचा घेऊन आली आहे!

तेव्हापासून फोन नाही, पत्र नाही. मी तिचा जुना नंबर लावला, तिथे दुसरेच लोक. विलायतेतल्या टेलिफोन चौकशीला विचारले, ते आडनाव मागतात. लग्न झाले असेल तर आडनाव मला माहीत नाही. मी जन्मभर लोकांना लोक जोडून दिले. माझ्याच लेकीपर्यंत जायला माझ्याकडे एक तार नाही. यायचे तर तिलाच यावे लागेल, आणि तिला वाटते बापाने तिला नाकारले. संध्याकाळी ड्यूटी संपली की मी फोनपाशी बसतो. येतात ते कोळंबीच्या व्यापाऱ्याला लावलेले, चुकून इकडे लागलेले फोन. मी त्यांना नीट उत्तर देतो, त्यांचा काय दोष?

कलम पाचवे, आणि हेच खरे मृत्युपत्र, बाकीची भरती. शरियतने मिळकतीचा एक तृतीयांश माझ्या मर्जीवर सोडला आहे. तो माझा शेजारी, कापडदुकानदार गनी याच्या हाती द्यावा. त्यातून त्याने माझा फोन चालू ठेवावा. खोली गेली तर उपकरण त्याच्या दुकानात न्यावे, पण लाइन तोडू नये. गनी विचारतो, किती दिवस? गनी, पुरेल तोवर.

नवीन वर्षापासून इथले सगळे नंबर पाच आकडी होणार. माझ्याही नंबराच्या सुरुवातीला दोनचा आकडा चिकटेल. सायराला चारच पाठ आहेत. पण परदेशचे फोन अजून माणसाच्या हातून येतात, आणि तो माणूस श्रीवर्धनचा हमदुल्ला आहे. माझा हेडफोन आणि लांब तोंडाची पक्कड मी त्याला देतो. बदल्यात, विलायतेहून कोणी दोन-चार-सहा-एक मागितला तर "नंबर अस्तित्वात नाही" असे त्याने म्हणायचे नाही. मरियम म्हणायची तेच म्हणायचे आणि जोडून द्यायचे.

कलम सहावे. फोन अहमदनेच उचलावा. गनीने नाही, दुसऱ्या कोणी नाही. ज्या तोंडाने नाही म्हटले त्याच तोंडाने हो म्हणावे. त्याला इंग्रजी गोदामापुरते येते, म्हणून वाक्य लिहून देतो. "येस, सायरा. युवर फादर वेटेड फॉर यू." याहून जास्त बोलू नये, तो बिघडवील. मी मेल्याची बातमी तिने विचारल्यावर सांगावी. ती रडली तर रिसीव्हर ठेवू नये. तिचा पत्ता घ्यावा आणि तिचा हिस्सा तिला पोचवावा.

माझी कबर इथेच. ही जागा वाईट नाही, माणसे कामापुरती बोलतात आणि कामापुरती चांगली आहेत. फक्त संध्याकाळ फार मोठी असते.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले. रागातले शब्द खोडणार होतो, तसेच ठेवले आहेत.

देरा, दुबई. ता. १२ ऑक्टोबर १९६८.

सही: मोहिद्दीन अलीमियाँ सरखोत

साक्षीदार:
गनी हसनमियाँ पारकर, कापड व्यापारी, देरा
हमदुल्ला इद्रीस मुकादम, ट्रंक ऑपरेटर, मूळ श्रीवर्धन

मी, अहमद अलीमियाँ सरखोत, वारस. भाईंनी हे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. कलम सहावे कबूल. भाईंनी दिलेले वाक्य पाठ केले आहे. त्याच्यापुढे एक वाक्य मी माझ्या मनाने म्हणणार आहे. भाईंना विचारलेले नाही. शब्द गनीकडून लिहून घेतले आहेत. "आय अ‍ॅम युवर अंकल."